सपातेतली किल्ली

मी एक किल्ली बोलतेय, आणि पुढे जे सांगणार आहे त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. माझ्या अस्सल पितळेची शपथ.

आता अस्सल म्हणजे वरवर अस्सल. आत कुठला धातू आहे ते मला घडवणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. भंगारातून हाताला लागलं ते त्याने घेतलं. पण वरचा मुलामा पितळेचाच आहे, आणि शपथेला तेवढा पुरतो.

माझा जन्म एका राजवाड्याच्या तिजोरीसाठी झाला. नाही, थांबा. हे मी नवख्या किल्ल्यांना सांगते. तुम्ही शहाणी माणसं दिसता. माझा जन्म पुलाखालच्या एका कुलूपवाल्याच्या टपरीत झाला. यंत्राने दात पाडले, कानशीने कडा मोडल्या, आणि फुंकर मारून त्याने मला माझ्या दोन बहिणींशेजारी ठेवलं. आम्ही तिळ्या. तिघी एकाच कुलपाच्या.

ते कुलूप तिसऱ्या मजल्यावरच्या एका घराला होतं. तीन खोल्या, मधे एक स्वयंपाकघर, आणि एकच बाथरूम, ज्याचं दार बंद व्हायला खालून पायाने ढकलावं लागे. परक्या देशांतून कामाला आलेली माणसं तिथे भाड्याने राहायची. कुणी वर्षभर, कुणी हंगामापुरतं. ती आपसांत कुठल्या भाषेत बोलायची ते मला विचारू नका. खुंटीवर टांगलेल्याला सगळ्या भाषा सारख्याच ऐकू येतात.

माझी थोरली बहीण कुलपातच मोडली. एक भाडेकरू बायकोशी फोनवर भांडून आला आणि सगळा राग तिच्या मानेवर काढला. धाकटीला एक शिकाऊ इंजिनियर बॅगेत विसरून आपल्या देशाला घेऊन गेला. ती आता कुठल्या तरी ड्रॉवरमध्ये पडली असेल, हजारो मैलांवर, एकही दार उघडू न शकणारी. त्या विचाराने माझा मुलामा अजून गार पडतो.

उरले मी. एक किल्ली आणि तीन भाडेकरू. कुलूपवाला म्हणाला, "या जातीचा साचा आता येत नाही. कुलूपच बदला." घरमालक म्हणाला, "बघू." घरमालकाचं बघू म्हणजे काय, ते ज्यांनी भाड्याच्या घरात दिवस काढलेत त्यांना सांगायला नको.

तेव्हा सपातांची युक्ती निघाली. ती माझीच. म्हणजे, काढली पाववाल्याने, पण मी मनातल्या मनात आधीच काढली होती.

पाववाला बेकरीत कामाला होता. भल्या पहाटे जायचा आणि सकाळ वर आल्यावर पिठात लोळून आल्यासारखा परत यायचा. दुसऱ्या खोलीत रात्रपाळीची नर्सबाई, ती त्याच्यानंतर तासाभराने यायची. आणि तिसऱ्या खोलीत आली ती माझ्या या गोष्टीतली मुलगी. कामावर सगळे तिला नुसतं शिकाऊ म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते.

दार ओढलं की आपोआप लागायचं. आतून उघडायला माझी गरज नसे, बाहेरून मात्र माझ्याशिवाय इलाज नसे. दाराबाहेर चपला-बुटांची मांडणी होती. माणूस बूट घालून कामावर गेलं की त्याच्या घरातल्या सपाता तिथे राहायच्या. मग ठरलं असं, की जो आधी परतणार त्याच्या सपातेत किल्ली ठेवायची. सकाळी शिकाऊ सगळ्यांत शेवटी बाहेर पडायची, ती मला पाववाल्याच्या सपातेत सोडायची. पाववाला आला की दार उघडून मला नर्सबाईच्या सपातेत. नर्सबाई आली की शिकाऊच्या सपातेत. संध्याकाळी शिकाऊ आली की मी आतल्या खिळ्यावर, सकाळपर्यंत निवांत.

सपातेत किल्ली म्हणजे चोराला आमंत्रण, असं तुम्ही म्हणाल. त्या सपाता बघितल्या असत्यात तर म्हणाला नसतात. चोरानेही नाक मुरडून पुढचा जिना धरला असता.

शिकाऊ आली त्या दिवशी घरमालकाने मला तिच्या तळहातावर ठेवून बजावलं होतं, "ही एकच आहे. ही गेली तर दार फोडावं लागेल." तिने मूठ मिटली. बारीक बोटांची, घामट मूठ. मी म्हटलं, ही पोर टिकायची नाही.

गंमत अशी, की त्या घरात तिघं राहायची पण एकमेकांना भेटायची नाहीत. ती संध्याकाळी यायची तेव्हा पाववाला दार लावून झोपलेला, नर्सबाई नुकतीच जिना उतरून गेलेली. ओट्यावर धुतलेला कप उपडा दिसायचा, दोरीवर पायमोजे वाळत असायचे, टेबलावर कधी पावाचा चुरा. बस.

"भुतांबरोबर राहतेय गं," ती खिळ्याखाली उभी राहून आईला फोनवर सांगायची.

"भुतं भांडी घासतात का?"

"घासतात."

"मग राहू दे. इथे जिवंत माणसं घासत नाहीत."

"ऐकतोय मी," पलीकडून बाबांचा आवाज.

ती हसायची, फोन ठेवायची आणि मग कितीतरी वेळ तशीच ओट्याला टेकून उभी राहायची. तेव्हाचा तिचा चेहरा आईला दिसत नव्हता. मला दिसायचा.

आणि मला आणखीही काही दिसायचं जे तिला दिसत नव्हतं. पाववाला मला नर्सबाईच्या सपातेत ठेवताना तिच्या सपाता उचलून जिन्यातल्या गरम पाइपाजवळ सरकवायचा. नर्सबाई शिकाऊच्या सपाता तोंड फिरवून ठेवायची, म्हणजे आल्या आल्या पाय सरळ आत जावेत. माणसं एकमेकांसाठी काय काय करतात आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. आम्ही किल्ल्या बऱ्या. काम झालं की कट्ट करून सांगतो तरी.

शिकाऊचं काम होतं पाय करण्याचं. थट्टा नाही. ज्यांचा पाय गेलाय त्यांच्यासाठी नवा पाय. ते काम आता मी रोज डोळ्यांसमोर बघते, म्हणून तुम्हाला नीट सांगते. उरलेल्या पायाला प्लास्टरची ओली पट्टी गुंडाळायची. ती सुकली की काढून घ्यायची आणि तिच्यात प्लास्टर ओतायचं, म्हणजे पायाचा हुबेहूब साचा मिळतो. मग त्या साच्यावर कानस चालवायची. जिथे माणसाचं वजन पेलायचं तिथे घासून कमी करायचं, आणि जिथे हाड वर आलेलं असतं तिथे उलट प्लास्टर चढवायचं, म्हणजे त्यावर बेतलेल्या नव्या पायात हाडाला मोकळी जागा राहते. सगळं कसब त्या घासण्या-चढवण्यात.

तिला शिकवणाऱ्या उस्तादाने पहिला पाय स्वतंत्रपणे करायला दिला तो एका शाळामास्तरांचा. ती आठवडाभर त्यावरच बोलत होती. आईला, बाबांना, एकदा तर नुसत्या किटलीला. तिने साचा इतका घासला, इतका गुळगुळीत केला की कार्यशाळेतली माणसं येऊन हात फिरवून गेली. नेमकं हाड वर आलेलं टेंगूळ तेवढं तिला खटकत होतं. दिसायला बरं दिसेना. तिने तेही घासून सपाट केलं.

मास्तर नवा पाय घालून उठले. दोन पावलं टाकली. म्हणाले, "फार सुरेख झालाय." आणि खाली बसले. त्यांच्या ओठावर घाम आला होता. हाडावर घण पडावा तसं ते लागलं असणार, पण मास्तर पडले सभ्य.

उस्तादाने पाय बाजूला ठेवला, नवा साचा स्वतः घेतला. त्या दिवसापासून शिकाऊकडे प्लास्टर कालवणं आणि फरशी झाडणं.

हे सगळं तिने बाबांना सांगितलं तेव्हा आवाजात रडू नव्हतं, म्हणून मला जास्त काळजी वाटली.

"ओरडला का तुझ्यावर?" बाबांनी विचारलं.

"नाही. बघतही नाही माझ्याकडे."

"मग?"

"बाबा, मला हे जमणार नाही. मी देखणं करू शकते. चालणारं नाही करू शकत. मी येते परत. आणि मग हे नको. दुसरं काहीतरी बघू."

बाबा म्हणाले, "ये. तुझी खोली तशीच आहे. फक्त टेबलावर आईने इस्त्री मांडलीय."

तिने विमानाचं तिकीट काढलं. घरमालकाला कळवलं. त्या दोघांना कळवायला तिच्याकडे त्यांचे नंबरही नव्हते, आणि भुतांचा निरोप घ्यायचा तरी कसा?

जायच्या सकाळी पेटी दाराबाहेर काढून तिने दार ओढून घेतलं. मी तिच्या हातात. समोर पाववाल्याच्या सपाता. आणि इथे, मंडळी, या किल्लीबाईने आपल्या आयुष्यातला सगळ्यात मोठा पराक्रम केला.

तिच्या कोटाच्या खिशाला आतून भोक होतं. ती मला सपातेत ठेवायला वाकली, तेवढ्यात मी अशी काही उडी मारली की थेट खिशात, खिशातून भोकात आणि भोकातून अस्तरात. तिला पत्ता नाही. किल्ली कुठे उडी मारते का, असं मनात म्हणताय ना? तुम्ही कधी घाईच्या वेळी आपली किल्ली शोधलीय का? मग विचारू नका.

अस्तरात बसून मी ते शहर पहिल्यांदा बघितलं. बघितलं म्हणजे ऐकलं. बसचे दरवाजे, चाकांची पेटी फरशीच्या सांध्यांवरून टकटक, कुणाचं तरी मूल जिन्यावर मोजून उड्या मारणारं. मग विमानतळ. तिथला आवाज मोठ्या रिकाम्या पातेल्यासारखा.

पासपोर्ट काढायला तिने खिशात हात घातला, आणि तिची बोटं मला लागली.

तिने मला बाहेर काढलं. तळहातावर ठेवून बघत राहिली. मागची रांग तिला वळसा घालून पुढे सरकली. मग तिने बाबांना फोन लावला.

"बाबा, घराची किल्ली माझ्याकडे राहिली. आत्ता सापडली."

"अरे देवा. पोस्टाने पाठव तिथूनच."

"पोस्टाने पोचेपर्यंत काय करतील? एकच आहे. ते दोघं कामावरून दमून आले असतील. जिन्यात बसले असतील."

"दार फोडतील. नाहीतर मालक बघेल."

"मालक 'बघू' म्हणेल."

बाबा म्हणाले, "मग विमान?"

"विमानात बाकीची माणसं आहेत बाबा. किल्ली एकच आहे."

बाबा म्हणाले, "बरं. काही खाल्लंस का?"

विमान माझ्यासाठी बराच वेळ थांबवून ठेवलं होतं, वैमानिक स्वतः खिडकीतून हात करत होता. नाही, नव्हता. विमान आपल्या वेळेला सुटलं. आम्ही परतीच्या बसमध्ये होतो.

तिसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांवर दोघं बसलेली. एक उंच, भुवयांत पीठ अडकलेला माणूस. एक ठेंगणी बाई, भिंतीला डोकं टेकून डोळे मिटलेली. मधे कागदावर अर्धा पाव. शिकाऊने त्यांना कधी बघितलं नव्हतं, तरी पहिल्या नजरेत ओळखलं. दोघांनीही बूट काढून सपाता घातल्या होत्या. घर बंद, पण पायांपुरतं घर त्यांनी जिन्यातच मांडलं होतं. आणि त्यांच्यामधल्या पायरीवर, तोंड फिरवून ठेवलेल्या, शिकाऊच्या स्वतःच्या सपाता. पेटी भरताना ती त्या साफ विसरली होती.

"माझी चूक झाली," ती धापा टाकत म्हणाली. "किल्ली माझ्याकडेच राहिली."

नर्सबाईने एक डोळा उघडला. "मी यांना केव्हाची म्हणतेय, कुलूपवाल्याला बोलवून दार तोडू. तर हे म्हणतात, थांबा. मुलीच्या सपाता इथेच आहेत."

"मग बरोबरच होतं," पाववाला म्हणाला. "सपाता इथे म्हणजे माणूस बाहेर गेलंय. सोडून गेलेलं नाही."

शिकाऊची पेटी तिच्यामागे उभी होती, हँडलला विमानतळाची चिठ्ठी लटकवून. नर्सबाईने ती बघितली, पाववाल्यानेही बघितली.

"मी खरं तर..." तिने सुरुवात केली.

"दिसतंय गं पोरी," नर्सबाई उठत म्हणाली. "सगळं ऐकते मी. पण आधी दार उघड. मला केव्हाचं बाथरूमला जायचंय."

मी कुलपात गेले. कट्ट. इतकं गोड मी आधी कधी वाजले नव्हते.

आत आल्यावर तिघांनी पहिल्यांदा एका टेबलाशी बसून चहा घेतला. खुर्च्या दोनच होत्या, म्हणून शिकाऊ आपल्या पेटीवर बसली. तिने उस्तादाचं सांगितलं, मास्तरांचं सांगितलं, टेंगळाचं सांगितलं. नर्सबाई मधेमधे "हं" म्हणत राहिली. पाववाला पाव कापत होता. कापता कापता त्याने उजवा पाय वर घेतला, सपात काढली आणि टेबलावर ठेवली.

"अहो, जेवायच्या टेबलावर," नर्सबाई म्हणाली.

"थांबा हो." त्याने सपातेत बोट घालून आतला चामड्याचा एक तुकडा उचकटून दाखवला. वेडावाकडा कापलेला, एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. "हा तुम्ही घातलात ना?"

शिकाऊ लाजली. "तुमची सपात आतल्या कडेने झिजलेली दिसली. रोज किल्ली ठेवताना दिसायची. कार्यशाळेत चामड्याचे कपटे पडलेले असतात. माफ करा, विचारायला हवं होतं. नीट कापताही आला नाही."

"पहाटेपासून भट्टीपुढे उभा असतो मी. पाठ अशी धरायची की बूट काढायला वाकवायचं नाही. हा तुकडा आला तेव्हा मला वाटलं या बाईंनी घातला. आज जिन्यात यांना विचारलं, तर म्हणाल्या, मी का म्हणून." तो सपात पुन्हा पायात घालत म्हणाला, "पाठदुखी थांबली. कामावरून आल्यावर घरच्या घरात दहा पावलं टाकतो, त्या दहा पावलांनी थांबली. मग मी तो बुटातही तसाच करून घेतला चांभाराकडून. त्याला म्हटलं, असाच काप. वाकडा. सरळ करू नकोस."

शिकाऊने तो पाय हातात घेतला. पाय म्हणजे सपातेसकट, खराखुरा, पिठाचा. घोट्यापासून टाचेपर्यंत बघितला, कडेकडेने अंगठा फिरवला, आणि एका जागी थांबली.

"इथे टोचतो का?"

"जरासं."

"सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं कुठे?"

ती बराच वेळ तो पाय धरून बसून राहिली. नर्सबाईने चहा गार होतोय म्हणून सांगितलं, तेही तिला ऐकू गेलं नाही. मग तिने पेटी उघडली आणि आतून कामाचा कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, उद्यासाठी. चुरगळला होता. नर्सबाई उठून इस्त्री आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी ती उस्तादापुढे उभी राहिली आणि म्हणाली, मला मास्तरांना एकदा विचारायचंय, नेमकं कुठे दुखलं. उस्तादाने फडताळावरून तिचा तो गुळगुळीत साचा काढून तिच्या पुढ्यात ठेवला. टेंगळाच्या जागी पेन्सिलीने गोल काढलेला. "केव्हाचा ठेवलाय," तो म्हणाला. "तू नजर वर करशील तर ना. खाली बघून झाडत बसलीस." हे तिने संध्याकाळी पाववाल्याच्या बंद दाराबाहेर उभं राहून सांगितलं, तो झोपला असेल म्हणून हळू आवाजात. आतून "ऐकलं" असं आलं.

मास्तरांचा पुढचा पाय तिने केला. दिसायला ओबडधोबड. मास्तर जिना चढून गेले, उतरून आले आणि म्हणाले, "आधीचा दिसायला चांगला होता." हीच त्यांची शाबासकी.

त्यानंतर बरेच पावसाळे गेले. घरमालकाने शेवटी बघितलं आणि दाराला आकडे दाबायचं कुलूप बसवलं. माझी गरज संपली. पाववाल्याने मला कचऱ्यात न टाकता एका पाकिटात घालून शिकाऊला पाठवलं. आता तिला कुणी शिकाऊ म्हणत नाही. तिची स्वतःची कार्यशाळा आहे, तिच्या हाताखाली शिकणारी पोरं आहेत, आणि मी तिच्या कामाच्या टेबलावर एका खिळ्याला टांगलेली असते. समोर सतरा प्रकारचे पाय. दात झिजले, मुलामा उडाला, आता आतलं काय ते सगळ्यांना दिसतं. कुठलंच दार मी उघडत नाही. पण नवं कुणी पोर साचा फार गुळगुळीत करायला लागलं की ती माझ्याकडे एकदा बघते, आणि मग त्या पोराला म्हणते, "आधी विचार त्यांना, कुठे टोचतं."

तुम्हाला एवढंच सांगणं, की परक्या घरात राहत असाल तर बाहेर जाताना शेजाऱ्याच्या सपाता एकदा बघत जा. त्यात काही लिहिलेलं नसतं, तरी बरंच कळतं.

आता निघते. पण शपथ घेतलीय, तेव्हा एक सांगून निघते. खिशाच्या भोकाची गोष्ट मी रचली. तो खिसा धड होता, तिच्या आईने निघताना नव्याने शिवून दिला होता. मी उडीबिडी काही मारली नाही. दार ओढल्यावर ती सपातेपाशी वाकली, हात खाली नेला, आणि तसाच वर आणला. बसमध्ये, चाकांच्या पेटीमागे, रांगेत, सगळा वेळ मी तिच्या मुठीत होते. घामट, घट्ट मूठ. बाबांना ती "आत्ता सापडली" म्हणाली, म्हणून मीही आजवर सगळ्यांना तेच सांगत आले.